एकशे बत्तीस टक्के घर

बेबेरी बेटावर जायचं ठरलं, तेव्हा धर्मराज मेश्रामला त्याच्या साहेबांनी तीन गोष्टी दिल्या. रबरी हातमोज्यांची एक जोडी, कागदी कपांची एक चळत आणि एक सल्ला.

"तिथलं पाणीसुद्धा पिऊ नकोस," साहेब म्हणाले. "घर बघायचं, निम्म्याहून जास्त गेलंय असं लिहायचं, परत यायचं."

"निम्म्याहून जास्त गेलंय का?"

"मेश्राम, ते बेबेरी आहे," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

हे सन पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरातलं. सप्टेंबराच्या शेवटी वादळ आलं आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यासमोरच्या त्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावरून हात फिरवून गेलं. बेटावर पुरुषांच्या जोडीनं पुरुष राहत. उन्हाळ्यात शहरातून यायचे, नाचायचे, पोहायचे, भांडायचे, घरं बांधायचे. अलीकडं दोन वर्षं त्यांच्यातले पुष्कळजण आजारी पडून जात होते, एका नव्या, औषध नसलेल्या रोगानं, म्हणून पलीकडच्या काठावरचे लोक त्यांच्याकडून सुटे पैसेसुद्धा चिमटीत धरून घेत.

धर्मराज टाउन ऑफिसात घरं तपासणारा इन्स्पेक्टर होता, आणि तिथला नियम साधा होता. समुद्रालगतचं घर निम्म्याहून जास्त नष्ट झालं असेल, तर उरलेलंही पाडायचं. पुन्हा तिथं बांधायचं नाही. पण धर्मराजचा बाप नागपूरच्या कापडगिरणीत आयुष्यभर उभा राहिला होता, आणि त्यानं पोराला एक सवय लावली होती. कुणी काही सांगितलं की विचारायचं, कुठं लिहिलंय? तोंडी जे जे सांगितलं जातं, ते आपल्या विरुद्धच असतं, एवढा त्याचा अनुभव. म्हणून धर्मराजनं रात्री नियमांचं पुस्तक काढलं आणि ‘नष्ट’ म्हणजे काय ते वाचलं. कलम सात. नष्ट म्हणजे जो भाग सापडत नाही, किंवा सापडूनही वापरण्याजोगा नाही. सापडलेला भाग पाहणीच्या वेळी जागेवर हजर असावा.

"हजर असावा," तो बायकोला म्हणाला. "शाळेतल्यासारखं."

"मग मीही हजर राहते उद्या," सुजाता म्हणाली. "अकरा वर्षं झाली अमेरिकेत येऊन, अन् समुद्र पाहिला तो विमानातून. उद्या शनिवार, मला सुट्टी आहे. चला."

सुजाता नर्स होती. तिच्या वॉर्डात याच रोगाच्या माणसांचं जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून लोक पळायचे. ती ते उचलून आत न्यायची.

*

फेरीबोट धक्क्याला लागली. समोर एक साठीची व्यक्ती उभी होती. अंगात जांभळा साटिनचा झगा, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कमरेला सुताराचा पट्टा आणि पट्ट्यात तीन हातोडे.

"आले का इन्स्पेक्टर! मी बनी. बेटाच्या कमिटीची अध्यक्ष. नाटकांचे सेट ठोकत तीस वर्षं घालवली, आता आयुष्याचा सेट सांभाळते." बनी पुरुषच, पण स्वतःविषयी बाईसारखं बोलायचा. त्यानं सुजाताकडं पाहिलं. "अगं बाई, आणि ही कोण? सरकारनं बाई पाठवली? इन्स्पेक्टर, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय आणलंय!"

"का हो?" सुजातानं विचारलं.

बेटावर मोटारी नव्हत्या. फळ्यांच्या पाऊलवाटा, आणि सामान ओढायला प्रत्येकाची एकेक लाल हातगाडी. बनीनं धर्मराजची पेटी आपल्या गाडीत टाकली आणि ओढता ओढता सांगू लागला.

"सन पन्नासात पुरुषानं पुरुषाबरोबर नाचणं गुन्हा. मग आम्ही काय केलं? पंचवीस पुरुष आणि मध्ये एक बाई. म्हणजे मिश्र नाच. बेटावर बाई एकच, बेकरीवाली मिसेस ड्यूगन. साठ वर्षांची, पायात वात. नाचाच्या मधोमध खुर्ची टाकून मोजे विणायची. पोलीस बोटीनं यायचे, बाई मोजायचे, एक भरली की जायचे."

"कुठं लिहिलं होतं ते?" धर्मराजनं विचारलं.

"कुठंच नाही, डार्लिंग. म्हणून तर दर शनिवारी बदलायचं."

वाटेच्या दोन्ही अंगांना घरं होती आणि प्रत्येकाच्या कपाळावर नावाची पाटी. ‘आईला माहीत नाही’. ‘तिसरा नवरा’. ‘परत विचारू नका’. बनी हात करून दाखवत होता. त्या कोळ्यांच्या जुन्या खोपट्या. ती युद्धानंतर तराफ्यावर घालून आणलेली लष्करी बराक, आता तिला गुलाबी पडदे. आणि ती पुढची, साठ सालानंतरची, शहरातल्या आर्किटेक्टांनी बांधलेली सीडरच्या लाकडाची घरं, खांबांवर उभी, रंग न लावलेली, पावसानं रुपेरी झालेली. सुजाता चालता चालता थांबली. या घरांना वाटेकडं खिडकीच नव्हती. वाटेकडं उंच फळ्यांची आंधळी भिंत, आणि भिंतीमागून डोकावून पाहावं तर आतलं सगळं काचेचं, सगळं समुद्राला उघडं.

"पाठ लोकांना दिलीय," ती मराठीत म्हणाली, "अन् तोंड पाण्याला."

तिची आई जात्यावर बसली की दिसेल त्यावर ओवी रचायची. सुजातालाही ते लागलं होतं. ती गुणगुणली,

दारापुढं कूड घातलं, मागं सागर मोकळा,
कुण्या बाईचा गं लेक, इथं नांदतो एकला.

"काय म्हणतेय ती?" बनीनं विचारलं.

"घराचं वर्णन करते आहे," धर्मराज म्हणाला. "माझ्याआधी."

*

ज्या घराची पाहणी होती त्याचं नाव ‘अजून पाच मिनिटं’. ते आर्किटेक्ट हॉवर्डनं बांधलेलं. पाण्यातून बाहेर ये म्हटलं की तो म्हणायचा, अजून पाच मिनिटं. जेवायला चल, अजून पाच मिनिटं. एप्रिलात तो गेला, तेव्हाही म्हणे ओठ तसेच हलले होते. घर आता त्याच्या जोडीदाराचं. लेनर्ड, शाळेत पियानो शिकवणारा, पन्नाशीचा, आणि आता स्वतःही आजारी. वादळात घराची समुद्राकडची बाजू गेली, तेव्हापासून तो बनीच्या घरी पडून होता.

"आधी त्याला भेटा," बनी म्हणाला. "मालक आहे. सही त्याचीच लागेल."

लेनर्ड एका उंच, अरुंद बाजेवर निजला होता. चादरीखाली माणूस आहे की नुसत्या घड्या, हे कळू नये इतका बारीक.

"इन्स्पेक्टर, मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "मी घरी जाऊ शकेन का? पुढल्या वर्षी नव्हे. पुढल्या वर्षाचं मी काही विचारत नाही. आत्ता."

"मोजून सांगतो," धर्मराज म्हणाला.

बनीनं चहा आणला. पातळ चिनी मातीचे कप, निळ्या नक्षीचे. बनीचा हात पुढं आला आणि मधेच थबकला. "कागदी कप आणले असतील तुम्ही," तो हळू म्हणाला. "सगळेच आणतात. मी उकळतं पाणी देते त्यात, हरकत नाही."

धर्मराजची पेटी पायाशी होती. पेटीत कप होते. त्याला लहानपणच्या शाळामास्तरांच्या अंगणातला कोनाडा आठवला. कोनाड्यात एक कान तुटलेला कप, तो फक्त त्याच्या बापासाठी. बाप चहा प्यायचा, स्वतःच विसळायचा आणि परत तिथंच पालथा घालायचा.

सुजातानं केव्हाच कप उचलला होता. "साखर कमी आहे," ती म्हणाली.

धर्मराजनं दुसरा कप घेतला आणि घोट घेतला. जीभ पोळली. "हो," तो म्हणाला. "जरा कमीच आहे."

बनीनं नाक ओढलं आणि साखर शोधायला गेला. साखर तिच्या, म्हणजे त्याच्या, समोरच होती.

*

सुजाता लेनर्डपाशी थांबली. धर्मराज घरापाशी गेला. मूळ नकाशाप्रमाणे घराचं लाकूडकाम सोळाशे चौरस फूट. उभं होतं सहाशे वीस. निम्मं व्हायला आठशे हवं. म्हणजे एकशे ऐंशी कमी.

"संपलं," बनी म्हणाला.

"नाही," धर्मराजनं पुस्तक उघडलं. "कलम सात. सापडलेला, वापरण्याजोगा, जागेवर हजर. तुमच्या घराचे तुकडे कुठं वाहून गेलेत ते माहीत आहे का?"

 बनीनं झग्याच्या खिशातून शिट्टी काढली.

चुकलं ते इथं. बेबेरीच्या माणसांना पन्नास वर्षं सरकारनं फक्त मोजलं होतं. मदत मागितली नव्हती. आता एक सरकारी माणूस चक्क ‘आणा’ म्हणत होता! तासाभरात सगळ्या वाटांवरून लाल गाड्यांची रांग लागली. पायघोळ गाऊनमधली, पोहण्याच्या चड्डीतली माणसं, एकजण तर पिसांचा टोप घालून. गाडीत फळ्या, तुळया, जिने, कठडे. कुणी मागं राहायला तयार नव्हतं. ज्याच्या दारात काही वाहून आलं नव्हतं, त्यानं स्वतःच्या घराचं काहीतरी उपटून आणलं.

"हे काय?"

"टब, साहेब."

"नकाशात टब एक आहे. इथं सहा दिसतात."

"लेनर्ड फार स्वच्छ माणूस आहे," पिसांचा टोप म्हणाला.

नाचघराचे दोन खांब आले. एक सिंहासन आलं. अर्धी होडी आली, ती म्हणे पाहुण्यांची खोली. धर्मराज टेप लावून इमानानं मोजत गेला, आकडे मांडत गेला, आणि दोन वाजता त्यानं बेरीज केली. एकवीसशे वीस चौरस फूट.

त्यानं टक्केवारी काढली. पुन्हा काढली. चष्मा पुसला.

"घर एकशे बत्तीस टक्के शिल्लक आहे," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी टबातून शॅम्पेन काढली. फक्त धर्मराज रकान्याकडं बघत होता. रकान्यात दोनच आकड्यांची जागा होती.

"थांबा," तो म्हणाला. "कलम नऊ. मंजूर नकाशापेक्षा घर वाढलेलं आढळलं, तर ते विनापरवाना बांधकाम. पाडावं लागतं."

शॅम्पेनची बाटली परत टबात गेली. 

"म्हणजे घर कमी पडलं तरी पाडणार," बनी म्हणाला, "आणि जास्त झालं तरी पाडणार?"

"तसं लिहिलंय."

"देवा! आम्ही याच्या घराला मिठी मारून मारलं की!"

पिसांचा टोप रडू लागला. त्यानं जी फळी आणली होती ती उचलून परत गाडीत टाकू लागला. फळी त्याच्या हातून निसटली, उलटी पडली, आणि धर्मराजला तिच्या पाठीवर पेन्सिलीची अक्षरं दिसली. ‘जेरी. जुलै ६८. खिळा वाकडा गेला.’

"हे काय आहे?"

"ते? ते हॉवर्डचं," बनी म्हणाला. "त्याचं सुतारांशी पटायचं नाही. मग त्यानं रीत काढली. या घरात जो पाहुणा येईल त्यानं एक फळी ठोकायची आणि भिंतीत जाणाऱ्या बाजूला नाव लिहायचं. बाहेर नाही, आत. बाहेरचं नाव पोलीस वाचतात. म्हणून तर घर असं तिरपं आहे. आठ वर्षं पाहुण्यांनी बांधलं."

धर्मराज ढिगाकडं वळला. "सगळं उलटं करा," तो म्हणाला. "नाव असेल तेवढंच धरायचं. नाव नसेल ते ज्याचं त्यानं परत न्यायचं."

मग फळ्या उलटू लागल्या. बनी नावं वाचू लागला, धर्मराज फूट लिहू लागला.

"वॉल्टर, ऑगस्ट ६६."

"हजर!" मागून एक म्हातारा ओरडला.

"पीट आणि सॅंडी, जून ७१."

"त्या फळीवर आम्ही पहिल्यांदा भांडलो," एकजण म्हणाला.

"दुसऱ्यांदा," दुसरा म्हणाला.

"नावं दोन असली तरी फळी एकच धरीन," धर्मराज म्हणाला.

"मिसेस ड्यूगन, सप्टेंबर ६७." सगळे हसले. फळीच्या कडेला लोकरीचा एक धागा अजून अडकला होता.

"जेरी, जुलै ६८."

 मग पिसांचा टोप म्हणाला, "गेला. मार्चात."

"टॉमी."

"गेला."

"छोटा रेमंड, मोठा रेमंड."

"छोटा गेला. मोठा हॉस्पिटलात आहे."

"माल्कम." गेला. "डेनिस." गेला. धर्मराज लिहीत राहिला. चार फूट. साडेतीन फूट. सहा फूट. सुरुवातीला तो मान वर न करता लिहीत होता. नंतर प्रत्येक नावाला पेन थांबवून मान वर करू लागला, कुणी हात वर करतंय का ते नीट पाहू लागला, आणि मगच फूट मांडू लागला. कलमात हजर फळ्यांचं लिहिलं होतं. माणसांचं काही लिहिलं नव्हतं.

पावणेचारला ढीग संपला. एकशे एकसष्ट चौरस फूट. उभे सहाशे वीस धरून सातशे एक्याऐंशी.

एकोणीस कमी.

साडेचारची शेवटची फेरी. आणि नियमाप्रमाणे सही पाहणीच्याच दिवशी हवी. बनी सहाव्या टबाच्या काठावर बसला आणि पट्ट्यातले तिन्ही हातोडे एकेक करून वाळूत ठेवले.

"मला एकोणीस फूट खोटं लिहिता येणार नाही," धर्मराज म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच रागाचा वाटला. "लिहिलं तर साहेब सोमवारी दुसरा माणूस पाठवतील, आणि तो टेपसुद्धा आणणार नाही."

"माहीत आहे, डार्लिंग."

तेवढ्यात वाटेवरून सुजाता पळत आली, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"अहो, तुमचं झालं काय मोजून?"

"एकोणीस कमी."

"मग इथं काय बसले सगळे? त्या माणसाला मी कुशीवर वळवलं, चादर बदलायला. ती बाज नाही हो! खाली बिजागऱ्या आहेत. दार आहे ते."

बनी ताडकन उठला. "अगं बाई! वादळात भिंत गेली, तेव्हा याला आणायचा कशावरून? दार उपटलं, त्यावर निजवला, आणला. मग सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टेकवलं आणि विसरले! मीच विसरले!"

"नाव आहे का त्यावर?" धर्मराजनं विचारलं.

"दाराच्या पाठीवर कसलं नाव? दोन्ही बाजू दिसतात ना."

"जागेवर आणा. मग बघू."

"माणसासकट?"

"तो उतरायला तयार नाही," सुजाता म्हणाली. "विचारलं मी. म्हणतो, घरी नेताय तर दारावरूनच न्या."

चौदाजणांनी दार उचललं. सुजाता पुढं चालत सूचना देत होती, मराठीत आणि इंग्रजीत, जे आधी येईल त्यात. "हळू. डोक्याकडून वर. अरे बाबा, पिसं काढ ती, त्याच्या नाकात जातायत! हात पाठीखाली घाला. घाबरता काय, माणूस आहे." एका ठिकाणी वाट वाहून गेली होती, तिथं लाल गाड्या पालथ्या घालून पूल केला. लेनर्ड आभाळाकडं तोंड करून हसत होता. सुजाताच्या तोंडात ओवी आपसूक आली, आणि चौदाजणांची पावलं, अर्थ कळत नसताना, तिच्यावर पडू लागली.

दार आडवं गं केलं, त्याची केली बाज,
पाहुण्यांनी उचलला, घरधनी आज.

घराची समुद्राकडची भिंत नव्हतीच. तिथून ते आत शिरले आणि उरलेल्या जमिनीवर दार टेकवलं. लेनर्डच्या पायांपुढं सगळा समुद्र.

धर्मराजनं टेप लावला. "सात फूट. जरा पाय, सर. धन्यवाद. रुंदी तीन. एकवीस."

"मलाही मोजा," लेनर्ड म्हणाला. "मीही इथलाच."

"नाव पाहिजे," धर्मराज पुटपुटला. पाठ पाहिली, पुढची बाजू पाहिली. काही नाही. मग तो पायांशी गुडघ्यावर बसला. दाराची खालची कड, जी एकोणीस वर्षं जमिनीला घासत होती आणि कुणालाच दिसली नव्हती, ती आता त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्यानं अंगठ्यानं वाळू पुसली.

आणखी खाली वाकून तो वाचू लागला.

"काय आहे?" बनीनं विचारलं.

"हॉवर्ड. जून ६६." त्यानं उरलेली वाळू पुसली. "पुढं लिहिलंय, आत ये, लेन."

लेनर्डनं मान उचलायचा प्रयत्न केला. "कुठं? कुठं लिहिलंय?"

"इथं," धर्मराज म्हणाला. त्यानं हातमोजे कधी घातलेच नव्हते. लेनर्डचा हात धरला, खाली ओढवेना, म्हणून सुजातानं खांदे उचलून धरले, आणि दोघांनी मिळून त्याची बोटं त्या कडेपर्यंत नेली. बोटं अक्षरांवरून फिरली. एकदा. पुन्हा एकदा.

धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला.

धर्मराजनं बेरीज मांडली. आठशे दोन शिल्लक, सातशे अठ्ठ्याण्णव नष्ट. रकान्यात दोन आकडे नीट बसले. खाली त्यानं लिहिलं, घर उभं राहण्यास पात्र. मालक जागेवर हजर. लेनर्डनं सही केली. ती कागदाबाहेर गेली, थोडी दारावर गेली.

भोंगा पुन्हा वाजला. "पळा," बनी म्हणाला.

"त्यांना सांगा," धर्मराज म्हणाला, "अजून पाच मिनिटं." आणि तो फुटक्या भिंतीच्या जागी सुजाताशेजारी उभा राहून समुद्र पाहू लागला. मागं माणसं आपापले टब गाड्यांत घालून परत नेत होती. सिंहासन मात्र कुणी नेईना. ते लेनर्डपाशी बसायला येणाऱ्यांसाठी ठेवायचं ठरलं.

बोटीवर तिकिटं घेणारा पोरगेलासा खलाशी दोघांपासून हातभर लांब उभा राहिला. "तिथं कशाला हात नाही ना लावला?" त्यानं विचारलं.

"दार मोजायचं होतं," धर्मराज म्हणाला. "लावल्याशिवाय कसं मोजणार?"

आणि त्यानं तिकीट पुढं केलं. खलाशानं ते बघितलं. बोट सुटली होती. आता कुठं जाणार? त्यानं हात पुढं केला आणि घेतलं.